आधी मास्क, मग चेकलिस्ट: टीबीएम ९०० ‘एन९००केएन’चं प्रकरण

५ सप्टेंबर २०१४. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून सकाळी साडेआठच्या सुमारास एक टीबीएम ९०० विमान फ्लोरिडातल्या नेपल्सकडे निघालं. नोंदणी क्रमांक एन९००केएन. एका इंजिनाचं, टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणारं), त्याच वर्षी बाजारात आलेलं मॉडेल. विमानात दोघंच होते: मालक स्वतः वैमानिक आणि सोबत त्यांची पत्नी. हवा स्वच्छ होती, विमान नवंकोरं होतं, वैमानिक अनुभवी होता. दुपारी दोननंतर हे विमान जमैकाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, तेही टाकीतलं इंधन संपल्यामुळे. मधले जवळजवळ चार तास ते ऑटोपायलटवर सरळ रेषेत उडत होतं आणि ते चालवायला शुद्धीवर कोणीच नव्हतं.

ऑक्सिजनच्या प्रशिक्षणात हे प्रकरण पुनःपुन्हा काढलं जातं, कारण यात स्फोट नाही, आग नाही, वादळ नाही. एक झडप बंद झाली आणि पुढच्या काही मिनिटांत कामांचा क्रम चुकला, एवढंच घडलं. विमानात ऑक्सिजनची बाटली होती, मास्क हाताशी होता. जो मास्क पहिल्या मिनिटात तोंडावर यायला हवा होता, तो वेळेत आला नाही.

रेडिओवर काय बोलणं झालं

विमान २८,००० फुटांवर, म्हणजे फ्लाइट लेव्हल २८० वर स्थिर होतं. सकाळी दहाच्या पुढे वैमानिकाने अटलांटा सेंटर या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राला कळवलं की विमानात एक संकेत बरोबर दिसत नाहीये, साधारण १८,००० पर्यंत खाली यायचं आहे. नियंत्रकाने तत्काळ २५,००० दिले आणि आणीबाणी जाहीर करताय का, असं विचारलं. वैमानिकाचं उत्तर होतं, अजून नाही. २५,००० ची नोंद घेताना मात्र याहून खाली जायची गरज आहे, असं त्याने पुन्हा सांगितलं. खालच्या थरात दुसरी विमानं होती. नियंत्रकाने शेजारच्या विभागाशी बोलून वाट मोकळी केली आणि डावीकडे ३० अंश वळून २०,००० ला यायची परवानगी दिली. वैमानिकाने ती व्यवस्थित परत वाचून दाखवली.

विमान मात्र इंधन संपेपर्यंत २५,००० च्या खाली आलंच नाही.

इथे जरा थांबायला हवं. परवानगी अचूक परत वाचायची आणि ती अमलात मात्र आणायची नाही, हे ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूचं अगदी नमुनेदार वागणं आहे. ऐकलेला आकडा उच्चारायला मेंदूला फार कष्ट पडत नाहीत, ते सवयीने होतं. पण त्यासाठी हात पुढे न्यायचा, उंचीचं बटण २५० वरून २०० पर्यंत फिरवायचं, ऑटोपायलटला उतरण्याचा आदेश द्यायचा आणि विमान खरंच उतरू लागलंय का हे पाहायचं, या साखळीसाठी जो विचार लागतो तो आधी जातो. शब्द सगळ्यात शेवटी जातात. म्हणूनच रेडिओवर माणूस ठीक वाटतो. आणखी एकदोन जुजबी संदेशांनंतर एन९००केएनकडून उत्तरं येणं थांबलं.

पुढचं जगाने पाहिलं. आधी साउथ कॅरोलायनातून एफ-१६ आणि नंतर फ्लोरिडातल्या होमस्टेड तळावरून एफ-१५ विमानं जवळ गेली. खिडक्यांवर दव गोठलेलं होतं आणि वैमानिक आसनावर एका बाजूला कललेला दिसत होता. परत फिरण्याआधी एका लढाऊ वैमानिकाने त्याची छाती वरखाली होताना पाहिल्याचंही सांगितलं. म्हणजे तो तेव्हा जिवंत होता, आणि विमान जर कसंही खाली आलं असतं तर कदाचित शुद्धीवर आलाही असता. पण ऑटोपायलट आपलं काम चोख बजावत होता. क्यूबाच्या हवाई हद्दीजवळ लढाऊ विमानांना मागे फिरावं लागलं.

केबिनमधला दाब कुठून येतो आणि का गेला

टीबीएममध्ये केबिन फुगवण्यासाठी वेगळा पंप नसतो. इंजिनाच्या कंप्रेसरमधून थोडी दाबाखालची हवा काढून घेतात. हीच ब्लीड एअर. ती फार तापलेली असते, म्हणून आधी थंड केली जाते, मग केबिनमध्ये सोडली जाते. केबिनमधून ती एका नियंत्रित झडपेतून बाहेर जाते, आणि आत येणारी व बाहेर जाणारी यांच्या मेळातून दाब टिकतो. या विमानात आतला दाब बाहेरपेक्षा जास्तीत जास्त साधारण ६.२ पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) अधिक ठेवता येतो. २८,००० फुटांवर बाहेरचा दाब सुमारे ४.८ पीएसआय असतो. दोन्हींची बेरीज ११ पीएसआय, म्हणजे केबिनमध्ये साधारण ८,००० फुटांवरची हवा. या हवेत बसून माणूस दिवसभर वर्तमानपत्र वाचू शकतो.

हा सगळा मेळ एक नियंत्रक संगणक सांभाळतो. त्याला एक उष्णता-स्विच जोडलेला असतो. हवा प्रमाणाबाहेर तापली असं या स्विचने कळवलं की संगणक ब्लीड एअर बंद करतो. समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांमध्ये याच संगणकाची मेमरी सापडली आणि ती वाचता आली. त्यात याच स्विचचा इशारा आणि त्यापाठोपाठ ब्लीड एअर बंद झाल्याच्या नोंदी होत्या. स्विच तपासला तर त्यात दोष आढळला नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्या निष्कर्षात दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, दाबयंत्रणेची रचनाच अशी होती की ती गरज नसतानाही बंद पडू शके. दोन, चेकलिस्टची मांडणी अशी होती की वैमानिकाचं ऑक्सिजनअभावापासून संरक्षण होण्याआधी बिघाडाचा शोध घेण्याला प्राधान्य मिळत होतं.

यातला दुसरा मुद्दा आपल्या कामाचा. झडपा कारखान्यात बदलता येतात. हातांचा क्रम मात्र आकाशात, त्या क्षणी, एकट्यालाच ठरवायचा असतो.

दाब जाण्याचा वेग समजून घ्यायला हवा. खिडकी फुटली तर मोठा आवाज होतो, केबिनमध्ये धुकं भरतं, कानात टोचतं, आणि माणसाचा हात आपोआप मास्ककडे जातो. ब्लीड एअर बंद झाली की यातलं काहीच होत नाही. केबिन फटींमधून हळूहळू मोकळी होते. कान थोडे भरल्यासारखे वाटतात, पुढच्या पॅनलवर एक संदेश उमटतो. केबिनची उंची, म्हणजे आतली हवा जितक्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली ती उंची, १०,००० फुटांच्या आसपास गेली की लाल इशारा येतो, पण तोवर वैमानिक आधीच्या संदेशाचा अर्थ लावण्यात गढलेला असतो. आणि नवं विमान असलं की शंका आजाराऐवजी थर्मामीटरवर जाते: सेन्सर असेल, किरकोळ असेल, खाली जाऊन बघू.

मिनिटांचा हिशेब

ऑक्सिजन तुटल्यावर माणूस किती वेळ कामाचे निर्णय घेऊ शकतो, याला उपयुक्त शुद्धीचा काळ म्हणतात. बेशुद्ध होण्याआधीच तो संपतो, हे ध्यानात ठेवावं. विश्रांत अवस्थेतल्या निरोगी माणसासाठी प्रशिक्षणात दिले जाणारे आकडे असे: १८,००० फुटांवर २० ते ३० मिनिटं, २२,००० वर ५ ते १० मिनिटं, २५,००० वर ३ ते ५ मिनिटं, २८,००० वर अडीच ते तीन मिनिटं, ३०,००० वर एक ते दोन, ३५,००० वर अर्धं ते एक. दाब झटक्यात गेला तर हे आकडे निम्म्यावर येतात. धूम्रपान, आदल्या रात्रीची दारू, थकवा, हालचाल यांनी आणखी खाली.

आता एन९००केएनला हे लावून पाहा. समजा, पहिल्याच मागणीला नियंत्रकाने १८,००० दिले असते. नेहमीच्या उतरणीत विमान मिनिटाला दीड ते दोन हजार फूट खाली येतं. २८ वरून १८ हजारांवर यायला पाच ते साडेसहा मिनिटं. आणीबाणीची उतरण म्हणून मिनिटाला ४,५०० फूट धरले तरी १०,००० फुटांवर यायला चार मिनिटं. केबिनची उंची विमानाच्या उंचीमागून रखडत वाढते, त्यामुळे थोडी सूट मिळते खरी, पण ती किती हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणजे पूर्ण परवानगी लगेच मिळाली असती तरी मास्क न लावता उतरणं हा जुगारच होता. लवकर उतरलं की मास्क लागणार नाही, ही समजूत २५,००० च्या वर सरळसरळ चुकीची आहे.

शरीरात काय होतं ते मोजूनच दाखवता येतं. फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाब म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबातून (तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे मिमीमध्ये मोजतात) पाण्याच्या वाफेचे ४७ मिमी वजा करायचे, उरलेल्याला ऑक्सिजनच्या प्रमाणाने गुणायचं, आणि कार्बन डायऑक्साइडचा वाटा काढून टाकायचा. समुद्रसपाटीला ७६० मिमी दाब, वजा ४७ म्हणजे ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे सुमारे १५०, आणि कार्बन डायऑक्साइडचे जवळपास ५० काढले की १०० मिमी उरतात. २५,००० फुटांवर हवेचा दाब २८२ मिमी. ४७ वजा केले तर २३५, त्याचे २१ टक्के ४९. माणूस धापा टाकत असला तरी कार्बन डायऑक्साइडचे वजा करून हाती तिशीच्या आसपास मिमी उरतात. शिरांमधून फुप्फुसाकडे परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब चाळीसच्या आसपास असतो. म्हणजे या उंचीवर ऑक्सिजन हवेतून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून हवेत निघून जातो. श्वास घेणं हीच गळती होते. समुद्रसपाटीवर दोन मिनिटं श्वास रोखून धरणारा माणूस तिथे दोन मिनिटं टिकेलच असं नाही, ते याचमुळे.

आता त्याच २५,००० वर नीट बसलेल्या मास्कमधून शंभर टक्के ऑक्सिजन द्या. २३५ मधून चाळीस वजा केले तरी १९५ मिमी, जमिनीवरच्या जवळजवळ दुप्पट. एका साध्या मास्कने केबिन फुटलेल्या विमानातला माणूस पुण्यात बसल्यापेक्षाही बऱ्या स्थितीत येतो. शुद्ध ऑक्सिजनवर ३४,००० फुटांपर्यंत समुद्रसपाटीची स्थिती राखता येते, ४०,००० वर ती साधारण १०,००० फुटांसारखी होते, आणि त्यापुढे मात्र दाबाने ऑक्सिजन आत ढकलणारा मास्क लागतो. टीबीएमची कमाल उंची ३१,००० फूट. तिथल्या माणसाला साध्या मास्कपेक्षा अधिक काहीच लागत नाही.

मास्क का लावला जात नाही

याला आळस म्हणणं सोपं आहे, पण कारणं बारीक आहेत. मास्क लावायचा तर डोक्यावरचा हेडसेट सरकवावा लागतो, चष्मा असला तर तो आधी काढून नंतर नीट बसवावा लागतो. मास्कमध्ये स्वतःचा मायक्रोफोन असतो, पण पॅनलवरचा मायक्रोफोनचा स्विच ‘मास्क’कडे केल्याशिवाय नियंत्रकाला आवाज जात नाही. या एकाच स्विचमुळे अनेक सरावांमध्ये वैमानिक मास्क लावून, आपण बोलतोय पण कोणी ऐकत नाही, या गोंधळात पडतात आणि मास्क काढून टाकतात. मास्क लावला की इंटरकॉमवर स्वतःच्या श्वासाचा खरखराट सतत कानात येतो. शेजारी पत्नी बसलेली असेल तर तिला घाबरवायचं नाही, हाही एक न बोललेला विचार असतो.

यात ऑक्सिजनअभावाचं सगळ्यात दुष्ट लक्षण मिसळतं, ते म्हणजे बरं वाटणं. सुरुवातीला डोकं हलकं होतं, एक खुशाली येते, निर्णय योग्यच वाटतात. दृष्टीचा परीघ आवळतो, नखं निळसर होतात, पण ते बघायचं सुचत नाही. म्हणून लक्षण ओळखून मग मास्क लावू, ही योजना मुळातच फसवी आहे. जो अवयव लक्षण ओळखणार तोच आधी बंद पडतोय. आपली स्वतःची पहिली खूण कुठली हे कमी दाबाच्या कक्षात किंवा ऑक्सिजन कमी केलेल्या हवेच्या प्रशिक्षणयंत्रात एकदा अनुभवून ठेवावं. कोणाला बोटांत मुंग्या येतात, कोणाला गरम वाटतं, कोणाला आकडेमोड जमेनाशी होते. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये भारतीय हवाई दलाचे वैमानिक हेच शिकतात. मात्र या अनुभवाचा उपयोग मास्क आणखी लवकर लावण्यासाठी करायचा, उशीर खपवून घेण्यासाठी नाही.

पहिली साठ सेकंदं

दाबयंत्रणेशी संबंधित कुठलाही संदेश आला, अगदी पिवळा आला तरी, क्रम असा असावा. मास्क तोंडावर. झटपट लावायच्या मास्कला बाजूला लाल पकडी असतात. त्या दाबल्या की पट्ट्यांची नळी फुगते, मास्क डोक्यावरून घालून पकडी सोडल्या की तो आवळला जातो. निवड शंभर टक्क्यांवर. नळीवरचा प्रवाहदर्शक किंवा लुकलुकी ऑक्सिजन येतोय असं दाखवते का, एक नजर. मायक्रोफोनचा स्विच मास्ककडे. मग केबिन उंचीचा आकडा वाचायचा. सोबतच्यांना मास्क. इथवर झालं की पंधरा-वीस सेकंदं गेली, आणि आता चेकलिस्ट उघडायला हरकत नाही. मास्कमधून श्वास घेत दहा मिनिटं चुकीच्या बटणावर वाद घातला तरी कोणी मरत नाही.

एक गोष्ट माहीत असावी: ऑक्सिजन लावल्यावर पहिली काही सेकंदं, कधी मिनिटभर, अवस्था आणखी बिघडल्यासारखी वाटू शकते. दृष्टी अंधारते, गरगरतं. त्या क्षणी मास्क ‘काम करत नाही’ म्हणून काढणं ही दुसरी चूक. धापा टाकण्याने येणाऱ्या मुंग्या आणि ऑक्सिजनअभावाच्या मुंग्या सारख्याच असतात. फरक करत बसू नये. शंभर टक्के ऑक्सिजन घ्यावा, श्वासाचा वेग मुद्दाम कमी करावा, दोन्हींवर तोच उपाय चालतो.

मग रेडिओ. ‘संकेत बरोबर दिसत नाही’ या वाक्यातून नियंत्रकाला काय कळणार? तेलाचा दाब असू शकतो, दरवाज्याचा दिवा असू शकतो. ‘मेडे (आणीबाणीची हाक), केबिनचा दाब गेला, आणीबाणीची उतरण, १०,००० कडे’ असं म्हटलं की नियंत्रक इतर विमानं बाजूला काढायला लागतो, परवानगी मागून घ्यायची वेळच येत नाही. आणीबाणीत नियम मोडून उतरण्याचा अधिकार वैमानिकाला असतोच. खाली दुसरं विमान असण्याची भीती खरी आहे, पण वळून उतरल्याने ती बरीच कमी होते. याउलट एन९००केएनच्या नियंत्रकाला जे ऐकवलं गेलं, त्यावर त्याने केलेलं काम वाजवीच होतं. आणीबाणी आहे का हे त्याने विचारलंही होतं. ‘अजून नाही’ हे उत्तर जेव्हा आलं तेव्हा तो प्रश्न बहुधा अर्ध्या शुद्धीतल्या माणसाला विचारला गेला होता.

नियंत्रकाच्या बाजूने याच्या नेमकं उलट घडलेलं एक प्रकरण आहे. २६ जुलै २००८ रोजी कलिटा ६६ हे मालवाहू लिअरजेट ३२,००० फुटांवर असताना वैमानिक जड जिभेने बोलू लागला. उंची, वेग, दिशा काहीच ताब्यात नाही, बाकी सगळं ठीक आहे, अशा आशयाचं तो बोलत होता. मागे अलार्मचा आवाज येत होता. क्लीव्हलँड सेंटरमधल्या नियंत्रकांना हा ऑक्सिजनचा प्रश्न असल्याचा संशय आला, आणि त्यांनी छोट्या, स्पष्ट, पुन्हा पुन्हा दिलेल्या आदेशांनी विमान खाली आणवलं. उंची कमी होत गेली तसा आवाज स्पष्ट होत गेला. विमान सुखरूप उतरलं. कोणी चढाईनंतर असंबद्ध आनंदात बोलत असेल, तर त्याला प्रश्न विचारत बसू नये, ‘उतर’ हा एकच आदेश द्यावा. उड्डाणसोबत्यांनाही हे लागू आहे.

उड्डाणाआधीची पाच मिनिटं

बाटलीचा दाब पाहायचा, पण त्याआधी बाटलीची झडप उघडी आहे का ते पाहायचं. झडप बंद असली तरी नळीत अडकलेल्या दाबामुळे काही यंत्रणांमध्ये मापक भरलेला दिसतो आणि दोन श्वासांत शून्यावर येतो. म्हणून मास्क प्रत्यक्ष तोंडावर धरून चारपाच श्वास घ्यायचे आणि काटा पडतो का ते बघायचं. मास्क ठेवताना निवड शंभर टक्क्यांवरच ठेवायची, म्हणजे गोंधळात ती बदलायची आठवण लागत नाही. दाढी असेल तर मास्क बसत नाही, कडेने हवा गळते. लिप बाम, सनस्क्रीन, तेलकट क्रीम आणि शुद्ध ऑक्सिजन एकत्र येणं म्हणजे आगीला आमंत्रण. हात आणि चेहरा पुसूनच मास्कला हात लावावा. बाटलीत विमानासाठीचाच ऑक्सिजन भरावा. त्यात ओलावा जवळजवळ नसतो, त्यामुळे थंडीत झडपेत बर्फ धरत नाही.

दाब नसलेल्या छोट्या विमानात हिशेब वेगळा, पण तोही करूनच निघावं. साधा सतत प्रवाह साधारण दर १०,००० फुटांना माणशी मिनिटाला १ लिटर. २२ घनफुटांची बाटली म्हणजे सुमारे ६२० लिटर. १८,००० फुटांवर चौघे जण असतील तर मिनिटाला ७.२ लिटर, म्हणजे बाटली ८६ मिनिटांत रिकामी. श्वास घेतानाच ऑक्सिजन सोडणारी नाकनळी वापरली तर खर्च बराच घटतो. पण नाकनळी १८,००० फुटांपर्यंतच. त्यावर तोंड-नाक झाकणारा मास्क. तोंडाने श्वास घेणाऱ्या किंवा सर्दी झालेल्या माणसाला नाकनळीचा भरवसा नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ ठेवावा आणि आकडा ९० च्या खाली यायच्या आधी प्रवाह वाढवावा. बोटं गार पडली तर तो उशिरा किंवा चुकीचं दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

अमेरिकेतले नियम थोडक्यात असे: केबिन १२,५०० ते १४,००० फुटांवर ३० मिनिटांहून अधिक काळ राहणार असेल तर वैमानिकाला ऑक्सिजन, १४,००० च्या वर संपूर्ण वेळ, आणि १५,००० च्या वर प्रत्येक प्रवाशासाठी पुरवठा. दाब असलेल्या विमानात २५,००० च्या वर प्रत्येकासाठी किमान १० मिनिटांचा राखीव साठा. एन९००केएनने यातला कुठलाही नियम मोडला नव्हता, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. २८,००० फुटांवर एकट्या वैमानिकाने मास्क गळ्यात घालून बसावं, अशी सक्ती नाही.

उडी मारणाऱ्यांसाठी फरक

आकाशउडीच्या विमानात केबिनला दाब नसतो, म्हणून तिथे धोका अचानक येत नाही, चढताना हळूहळू येतो. २५,००० वरून उडी घेणारा सव्वा मिनिटाच्या आसपास १०,००० च्या खाली येतो, म्हणजे मुक्त पतन हाच त्याचा आणीबाणीचा उतार. प्रश्न आहे चढाईतल्या अर्ध्या तासाचा, आणि पॅराशूट चुकून वरच उघडलं तर काय याचा. उघड्या छत्रीखाली मिनिटाला हजार फूट धरले तर २५,००० वरून १०,००० वर यायला पंधरा मिनिटं, तीही उणे तापमानात. त्यासाठीच अंगावर छोटी बाटली असते, आणि दरवाजा उघडण्याआधी विमानाच्या नळीवरून तिच्यावर बदलायचं असतं. या बदलातच चुका होतात: नळी वाकते, जोड नीट बसत नाही, झडप उघडायची राहते. जोडीदाराने जोड हाताने तपासल्याशिवाय दाराकडे सरकू नये. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमांत १५,००० फुटांहून जास्त उंचीवरून घेतलेल्या उडीसाठी विमानात ऑक्सिजन बंधनकारक आहे.

यात दुर्लक्षित राहतो तो वैमानिक. उडी मारणारे उतरून जातात, तो एकटा वर उरतो. दिवसात पुन्हा पुन्हा १३-१४ हजारांवर जातो, प्रत्येक फेरीत नियमाचं ३० मिनिटांचं घड्याळ शून्यावर येतं, थकवा मात्र साचत जातो. ढगांमुळे एक फेरी जास्त मारावी लागली की वरची मिनिटं वाढतात. त्याच्यासाठी नाकनळी दिवसभर लावलेली असावी.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून हेलिकॉप्टरमधून उडी घेतली. उतरण्याची जागा काला पत्थर परिसरात, १७,००० फुटांच्याही वर. अशा उडीत ‘खाली आलो की सुटलो’ हे गणित लागू पडत नाही, कारण खालची जमीनच ऑक्सिजन लागण्याइतकी उंच असते. तिथे जमिनीवर बाटली ठेवणं हा उडीच्याच तयारीचा भाग.

त्यानंतर काय बदललं

टीबीएमच्या निर्मात्यांनी नव्या विमानांसाठी आणीबाणीच्या चेकलिस्ट बदलल्या. संबंधित प्रत्येक यादीत मास्क लावणं ही पहिली ओळ झाली, आणि आधीच्या विमानांसाठीही तसाच बदल करण्याचं त्यांनी एनटीएसबीला कळवलं. पुढच्या पिढीतल्या टीबीएममध्ये आणखी एक सोय आली: ऑटोपायलट चालू असताना केबिनची उंची ठरावीक मर्यादेपलीकडे गेली आणि वैमानिकाचा प्रतिसाद नसला, तर विमान स्वतःच वळून खाली उतरायला लागतं. १५,००० फुटांपर्यंत आलेल्या विमानात शुद्धी परत येण्याची शक्यता असते.

जुन्या टीबीएममध्ये आणि दाब असलेल्या दुसऱ्या बऱ्याच जुन्या विमानांत ही सोय नाही, आणि अशी विमानं आजही रोज २५,००० च्या वर उडतात. त्यांच्या मालकांनी छापील चेकलिस्टमध्ये दाबाशी संबंधित प्रत्येक पान उघडून मास्कची ओळ कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावं, आणि ती पहिली नसेल तर सुधारित पान आलं आहे का हे निर्मात्याकडे विचारावं. सुधारित पान आलं नसेल, तरी केबिनचा दाब गेला तर मास्क पहिला, हे स्वतःपुरतं ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.